मोटार विम्याचा अभिकर्ता : ठरलेल्या दराकडून खुल्या स्पर्धेकडे

रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनासोबत काही कागद बाळगावे लागतात : नोंदणीचे प्रमाणपत्र, चालकाचा परवाना, प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र आणि विमापत्र. यांपैकी पहिल्या तिन्हींचे शुल्क शासनाने ठरवून दिलेले असते. विमापत्र मात्र बाजारातून विकत घ्यावे लागते, आणि एकाच गाडीच्या विम्यासाठी एक कंपनी एक रक्कम सांगते तर दुसरी वेगळीच. आज आपल्याला हे स्वाभाविक वाटते. परंतु २००६ च्या अखेरीपर्यंत आपल्या देशात असे घडत नव्हते. कोणत्याही कंपनीच्या दारात गेले तरी हप्ता तोच असे. हा दर मोकळा झाला तेव्हा सर्वांत मोठी ओढाताण झाली ती विमा कंपनी आणि वाहनधारक यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाची. हा माणूस म्हणजे विमा अभिकर्ता. लोक त्याला एजंट म्हणूनच ओळखतात.

मोटार विम्याचे दोन भाग असतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. आपल्या वाहनामुळे दुसऱ्या कोणाला इजा झाली, कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाच्या मालमत्तेची हानी झाली, तर त्याची भरपाई विमा कंपनीने करावी, हा पहिला भाग. याला त्रयस्थ विमा किंवा बोलीत 'थर्ड पार्टी' म्हणतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार तो सक्तीचा आहे; त्यापूर्वीच्या १९३९ च्या कायद्यातही ही तरतूद होती. आपल्या स्वतःच्या वाहनाचे नुकसान झाले किंवा ते चोरीस गेले तर भरपाई मिळावी, हा दुसरा भाग. तो ऐच्छिक असतो. दोन्ही भाग एकत्र असलेल्या विमापत्राला लोक 'फुल इन्शुरन्स' म्हणतात. पुढील सर्व घडामोडी समजण्यासाठी हा भेद लक्षात ठेवावा लागतो, कारण स्पर्धा आली ती मुख्यतः दुसऱ्या भागात.

अभिकर्ता हा कंपनीचा पगारी नोकर नव्हे. तो परीक्षा देऊन अधिकृत होतो, विमापत्रे विकतो आणि भरलेल्या हप्त्यातून ठरलेल्या टक्क्याने त्याला कमिशन मिळते. दुकानाचे भाडे, प्रवासखर्च, दूरध्वनी हे सारे त्याचे त्यानेच पाहायचे. ज्या महिन्यात विमापत्र विकले गेले नाही, त्या महिन्यात उत्पन्न नाही. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या बाहेर झाडाखाली घडीचे टेबल, त्यावर छापील अर्जांचा गठ्ठा, कार्बनचा कागद आणि शाईचा शिक्का घेऊन बसलेला अभिकर्ता हे अनेक वर्षे शहरोशहरीचे परिचित दृश्य होते. इंदूर असो, बडोदा असो वा बेळगाव, त्याच्या टेबलावरचे दरपत्रक सारखेच असे.

हे दरपत्रक आले कोठून? १९६८ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती होऊन दर सल्लागार समितीला वैधानिक स्थान मिळाले. पुढे १ जानेवारी १९७३ पासून सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. शंभराहून अधिक खाजगी कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. नॅशनल कलकत्त्याला, न्यू इंडिया मुंबईला, ओरिएंटल दिल्लीला आणि युनायटेड इंडिया मद्रासला, अशी त्यांची मुख्यालये होती. कंपन्या चार असल्या, तरी मोटार विम्याचा दर एकच. २००२ च्या दरपत्रकात खाजगी मोटारीचा हप्ता प्रामुख्याने चार गोष्टींवर ठरत असे : गाडी किती जुनी आहे, इंजिनाची क्षमता किती, गाडीची किंमत किती आणि ती कोणत्या विभागात नोंदलेली आहे. पुणे, मुंबई, हैद्राबाद, बंगळूर यांसारखी आठ मोठी शहरे एका विभागात आणि उर्वरित भारत दुसऱ्या विभागात. गाडी कोण चालवतो, कशी चालवतो, कोणत्या बनावटीची गाडी अधिक चोरीस जाते, कोणत्या गाडीचे सुटे भाग महाग आहेत, याला दरात जवळजवळ स्थान नव्हते. अपवाद एकच, तो म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत. तिच्याविषयी पुढे सविस्तर पाहू.

अशा व्यवस्थेत अभिकर्त्याचे काम सोपे होते, असे वरवर पाहता वाटेल. माल एकच, भावही एकच. मग ग्राहक एका अभिकर्त्याला सोडून दुसऱ्याकडे का जाई? कोणी नात्यातला म्हणून, कोणी घरी येऊन कागद देतो म्हणून. आणि आणखी एक कारण होते, ज्याची वाच्यता कोणी करत नसे. आपल्या कमिशनातील काही भाग अभिकर्ता गुपचूप ग्राहकाला परत देई. विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने याला पूर्वीपासूनच मनाई आहे. त्यासाठी ५०० रुपये दंडाची तरतूद होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती १० लाख रुपयांपर्यंत नेली. ज्या बाजारात भावावरून उघड स्पर्धा करता येत नाही, तेथे ती मागच्या दाराने होते, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल. मात्र यात एक तोटा होता. ग्राहकाला 'किती परत देणार?' हा एकच प्रश्न विचारण्याची सवय लागली. विमापत्रात काय लिहिले आहे, हे त्याने विचारले नाही आणि अभिकर्त्यानेही सांगितले नाही.

१९९९ च्या कायद्याने विमा नियामक व विकास प्राधिकरणाला वैधानिक आधार मिळाला आणि २००० साली खाजगी कंपन्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. त्यानंतर सहा वर्षे एक विचित्र स्थिती होती. दुकाने वाढली, पाट्या बदलल्या, पण दर तोच राहिला. अखेर १ जानेवारी २००७ पासून वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे करण्यात आले. त्रयस्थ विम्याचा दर मात्र प्राधिकरणाने आपल्याच हाती ठेवला. विमापत्रातील अटींची भाषाही लगेच बदलता येणार नव्हती. ती मोकळीक २००९ पासून टप्प्याटप्प्याने मिळाली. म्हणजे प्रारंभीची दोन वर्षे माल जुनाच होता आणि स्पर्धा केवळ किमतीची होती.

अभिकर्त्याच्या मिळकतीवर याचा परिणाम कसा झाला असेल, ते एका साध्या हिशोबाने समजते. समजा, एखाद्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १०,००० रुपये होता आणि कमिशन १० टक्के. अभिकर्त्याला १,००० रुपये मिळत. स्पर्धेमुळे कंपनीने त्याच हप्त्यावर ४० टक्के सूट दिली, तर हप्ता ६,००० रुपये झाला आणि कमिशन ६०० रुपये. फेऱ्या तितक्याच, अर्ज तोच, श्रम तेच; मोबदला चारशे रुपयांनी कमी. त्यातच दुसऱ्या कंपनीने ५० टक्के सूट जाहीर केली, तर वर्षानुवर्षांचा ग्राहक शेजारच्या टेबलाकडे जाई. स्वस्त विमा ग्राहकाला हवाच होता आणि तो मिळणे न्याय्यही होते. परंतु त्या स्वस्ताईचा एक वाटा अभिकर्त्याच्या खिशातून जात होता, हेही तितकेच खरे.

शिवाय प्रतिस्पर्धी केवळ शेजारचा अभिकर्ता राहिला नाही. नवी गाडी घेताना विक्रेत्याच्या दालनातच विमा उतरवण्याची पद्धत वाढली. तेथेच विमा, तेथेच कर्ज, आणि अपघात झाल्यास त्याच विक्रेत्याच्या कार्यशाळेत पैसे न भरता दुरुस्ती. ग्राहकाला ही सोय मोहवणारी होती. या विक्रेत्यांसाठी प्राधिकरणाने २०१७ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. विशिष्ट कंपनीचाच विमा घेण्याची सक्ती ग्राहकावर करता येत नाही, ही बाब अनेकांना ठाऊकच नसते. दुसरीकडे संगणकावर सर्व कंपन्यांचे दर एकाखाली एक दाखवणाऱ्या सेवा सुरू झाल्या. त्यांच्यासाठी २०१३ मध्ये नियम आले. ज्याला आपल्या गरजा नीट माहीत आहेत आणि अटी वाचण्याचा कंटाळा नाही, त्याला असा विमा घेण्यात काहीच वावगे नाही. अभिकर्त्यावाचून त्याचे अडत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

मग अडते कोणाचे? आणि कोणत्या क्षणी? जे अभिकर्ते या बदलात टिकले, त्यांच्या कामाकडे पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर सापडते.

वर उल्लेखिलेली सवलत आधी घेऊ. तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. एक वर्ष दावा केला नाही, तर पुढील वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते. दावा न करण्याची वर्षे वाढत गेली की ही सूट २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत जाते. एकदा दावा केला की ती शून्यावर येते. आता असे समजा की एका शिक्षिकेच्या गाडीचा पुढचा बंपर फाटकाला घासून तुटला. तिच्या विमापत्रावर ३५ टक्के सवलत आहे. नवा बंपर ८,००० रुपयांचा. मजुरी आणि रंग तूर्त बाजूला ठेवू. साध्या विमापत्रात प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणजे उरले ४,००० रुपये. लहान मोटारीच्या प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात. हाती येणार ३,००० रुपये. दुसऱ्या बाजूस, तिच्या गाडीचा मूळ हप्ता ८,००० रुपये असेल आणि तिने दावा केला नाही, तर पुढील वर्षी ४५ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये वाचतील. दावा केल्यास हे ३,६०० रुपये गेले, आणि पुन्हा ४५ टक्क्यांवर पोहोचण्यास दावा न करता चार वर्षे काढावी लागणार. तीन हजार मिळवण्यासाठी त्याहून अधिक गमावणे शहाणपणाचे नव्हे.

'बाई, हा बंपर स्वतःच्या पैशाने बदला. दावा करू नका,' हे वाक्य अभिकर्ता सांगतो तेव्हा त्याला त्यातून एक पैसाही मिळत नाही. दर दाखवणारा संगणकही हे सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारलेलेच नसते. (अर्थात अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली असेल, तर हा हिशोब लागू नाही. तेथे पोलिसांना आणि कंपनीला कळवलेच पाहिजे.) मात्र त्या शिक्षिकेचा पुढील वर्षाचा विमा बहुधा त्याच अभिकर्त्याकडे राहतो.

या सवलतीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. कंपनी बदलताना गतवर्षी दावा केला होता का, हे ग्राहकाने स्वतः लिहून द्यायचे असते. दावा केलेला असूनही 'केला नाही' असे लिहिले की हप्ता एकदम खाली येतो. किमतीची चढाओढ सुरू झाल्यावर हा मोह वाढला. ग्राहकालाही तो होतो आणि विक्रीसाठी उतावीळ झालेल्या विक्रेत्यालाही. पुढे अपघात झाला, की नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते. खोटी माहिती उघडकीस आली, की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते. काही हजार वाचवताना लाखाचा दावा अडकतो. जुने विमापत्र पाहिल्याशिवाय सवलतीचा आकडा न लिहिणारा अभिकर्ता त्या दिवशी महाग वाटतो.

गाडीच्या विमा मूल्याचेही तसेच. विमा उतरवताना गाडीची जी किंमत लिहिली जाते, तिच्यावर हप्ता अवलंबून असतो, आणि गाडी चोरीस गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर भरपाईही त्याच किमतीच्या आधारे मिळते. चार लाखांची गाडी तीन लाख वीस हजारांची दाखवली, तर हप्ता कमी भरतो हे उघड आहे. मात्र गाडी चोरीस गेली, तर ८०,००० रुपयांचा खड्डा मालकाच्या वाट्याला येतो. दोन कंपन्यांच्या हप्त्यांची तुलना करताना दोन्हीकडे विमा मूल्य सारखे धरले आहे का, हे पाहावे लागते. अनुभवी अभिकर्ते हा आकडा ग्राहकासमोर बोट ठेवून वाचून दाखवतात.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य मोटारी पाण्यात गेल्या. पुरामुळे झालेले थेट नुकसान विम्यात येते. परंतु पाण्यात बुडालेली गाडी चालू करण्याचा प्रयत्न केला, तर इंजिनात पाणी खेचले जाऊन ते निकामी होते. हे नुकसान पुराचे नसून चालकाच्या कृतीचा परिणाम आहे, अशी भूमिका विमा कंपन्या घेतात. त्या वेळी दर ठरलेले होते आणि विमापत्राचा मजकूरही ठरलेला, त्यामुळे वेगळे संरक्षण विकत घेण्याची सोय नव्हती. २००९ नंतर कंपन्यांना जादा संरक्षण देण्याची मुभा मिळाली आणि इंजिनाचे संरक्षण, घसारा न कापता पूर्ण भरपाई, सवलत कायम राखण्याची सोय अशी पूरक कलमे बाजारात आली. येथे अभिकर्त्याचे काम खरोखर बदलले. पूर्वी त्याच्याकडे एकच माल होता. आता कोणाला काय हवे, हे त्याला ठरवावे लागले. सखल वस्तीत राहणाऱ्याला इंजिनाचे संरक्षण सुचवणे योग्य. उंचावर राहणाऱ्या आणि पावसाळ्यात गाडी फारशी बाहेर न काढणाऱ्याला तेच विकणे म्हणजे केवळ आपले कमिशन वाढवणे. दहा-बारा वर्षांच्या जुन्या गाडीला घसारामुक्त संरक्षण बहुधा मिळतच नाही, हे ग्राहकाला आधीच सांगितले तर पुढील वाद टळतो. आणि पावसाळा तोंडावर आला की 'गाडी पाण्यात असेल तर चावी फिरवू नका, ओढून न्या' असा निरोप आपल्या सर्व ग्राहकांना पाठवणे, यास तर काहीच खर्च येत नाही.

ग्रामीण भागात प्रश्न वेगळे असतात. तेथे ट्रॅक्टर शेतीकामासाठी म्हणून विमा उतरवलेला असतो आणि लग्नसराईत त्याच ट्रॉलीतून वऱ्हाड जाते. मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात दिला. ट्रॉली उलटली आणि माणसे दगावली, तर भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर, शेतीवर येऊ शकतो. खाजगी म्हणून नोंदलेली गाडी भाड्याने फिरवली तरी असाच पेच उभा राहतो. गाडी कशासाठी वापरणार, हा प्रश्न छापील अर्जात असतोच; पण गावात राहणाऱ्या अभिकर्त्याला त्याचे उत्तर अर्जात पाहावे लागत नाही. त्याला ते माहीत असते. त्या माहितीचा उपयोग करून त्याने मालकाला सावध केले, की डोळे मिटून कागद फाडला, यावर त्याची पत ठरते. या बाबतीत दूरच्या कार्यालयातून फोनवर विमा विकणारा त्याची बरोबरी करू शकत नाही.

नूतनीकरणाची वही हे या व्यवसायाचे आणखी एक जुने साधन. विमा संपण्याची तारीख उलटून नव्वद दिवस झाले, तर साठलेली सवलत नाहीशी होते. एक दिवस जरी उलटला, तरी त्या दिवशीच्या अपघाताला विम्याचा आधार नसतो, आणि पुन्हा विमा देण्यापूर्वी कंपनी गाडी पाहावयास मागते. दुचाकीस्वार या बाबतीत विशेष बेफिकीर असतात. तारखांची वही नीट ठेवणाऱ्या अभिकर्त्यांची ग्राहकसंख्या स्पर्धेतही टिकली. आज ही वही भ्रमणध्वनीत गेली आहे, एवढेच. याच वहीच्या आधारे अनेकांनी आपला व्यवसाय रुंदावला. ज्याच्या गाडीचा विमा आहे, त्याच्या कुटुंबाचा आरोग्य विमा, दुकानाचा आगीचा विमा, असे एकास दुसरे जोडत गेल्याने मोटार विम्यात घटलेले उत्पन्न काही अंशी भरून निघाले.

तरीही एक अडचण मुळातच होती. अमेरिकेतील स्वतंत्र अभिकर्ते अनेक कंपन्यांची विमापत्रे विकतात. भारतीय कायद्याने वैयक्तिक अभिकर्त्याला सामान्य विम्याच्या एकाच कंपनीशी बांधून ठेवले. २०१५ च्या दुरुस्तीनंतरही हे बंधन कायम राहिले. आपल्या कंपनीचा हप्ता जास्त असला, की अभिकर्ता ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचे विमापत्र देऊ शकत नसे. कुटुंबातील निरनिराळ्या व्यक्तींच्या नावे निरनिराळ्या कंपन्यांची कामे घेण्याची पळवाट काहींनी काढली, पण ती पळवाटच. २००२ पासून विमा दलालांना परवाने मिळू लागले होते. दलाल अनेक कंपन्यांचा विमा देऊ शकतो, परंतु त्यासाठी मोठे भांडवल लागते. २०१५ मध्ये प्राधिकरणाने 'पॉइंट ऑफ सेल्स पर्सन' हा नवा वर्ग निर्माण केला, तेव्हा सामान्य माणसाला मधला मार्ग मिळाला. दहावी उत्तीर्ण झालेल्या, अठरा वर्षांवरील व्यक्तीने पंधरा तासांचे प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी आणि एखाद्या दलालाशी संलग्न व्हावे. मग त्या दलालाकडे उपलब्ध असलेल्या सर्व कंपन्यांचा मोटार विमा तिला विकता येतो. अनेक जुन्या अभिकर्त्यांनी हा मार्ग धरला. गॅरेजचालक, झेरॉक्सचे दुकान चालवणारे, घर सांभाळून काम करू पाहणाऱ्या स्त्रिया अशी नवी माणसेही यातून व्यवसायात आली. मात्र पंधरा तासांत आशा राणी प्रकरण किंवा घसाऱ्याचा हिशोब कितपत समजतो, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. परीक्षा उत्तीर्ण होणे आणि दाव्याच्या दिवशी ग्राहकासोबत उभे राहता येणे यांत अंतर आहे.

कमिशनाचे नियमही या काळात अनेकदा बदलले. १ एप्रिल २०१७ पासून मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर कमाल १५ टक्के आणि निव्वळ त्रयस्थ विम्यावर २.५ टक्के, अशा मर्यादा होत्या. २०२३ मध्ये विमाप्रकारानुसार असलेल्या या मर्यादा काढून टाकण्यात आल्या आणि कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा आली. म्हणजे कोणाला किती कमिशन द्यायचे, हे आता कंपनीच ठरवते. जी कंपनी जास्त कमिशन देते तिचे विमापत्र ग्राहकाच्या हिताचे असेलच असे नाही. दाव्यांच्या बाबतीत चांगला अनुभव असलेली कंपनी कमी कमिशन देत असेल, तर अभिकर्त्याने काय करावे? नियमांत याचे उत्तर नाही.

दर मोकळे होऊनही शासनाचा हात या बाजारातून पूर्णपणे निघालेला नाही. त्रयस्थ विम्याचे दर शासनाकडूनच जाहीर होतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या खाजगी मोटारीसाठी २,०९४ रुपये, त्यापुढे १,५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या मोटारीसाठी ७,८९७ रुपये ठरवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा त्रयस्थ विमा एकदम तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. हा विमा बहुतेक वेळा विक्रेत्याच्या दालनातच होत असल्याने, अभिकर्त्याला त्या गाडीचे दर्शन तीन किंवा पाच वर्षे होणार नाही, अशी भीती निर्माण झाली होती. एक वर्षानंतर, १ सप्टेंबर २०१९ पासून, स्वतःच्या नुकसानीचा विमा स्वतंत्रपणे आणि वेगळ्या कंपनीकडूनही घेता येऊ लागला. त्यामुळे दुसऱ्याच वर्षी ग्राहकाच्या दारात जाण्यास अभिकर्त्याला पुन्हा निमित्त मिळाले. आता त्याला एक नवी गोष्ट समजावून सांगावी लागते. एकाच गाडीची दोन विमापत्रे, दोन कंपन्या आणि मुदत संपण्याच्या दोन निराळ्या तारखा असू शकतात. एका विमापत्राचे नूतनीकरण केले म्हणजे काम झाले, असे समजून दुसरे विसरणारे ग्राहक त्याच्या वहीत असतातच. त्यांच्या नावापुढे तो दोन्ही तारखा लिहून ठेवतो.

जुलै २०२२ मध्ये प्राधिकरणाने आणखी एक दार उघडले. गाडी किती किलोमीटर चालते आणि कशी चालवली जाते, यांनुसार हप्ता आकारणारी पूरक कलमे देण्यास कंपन्यांना परवानगी मिळाली. ज्याची गाडी आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत जाते, त्याने रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्याइतका हप्ता का भरावा, हा २००७ पूर्वीच्या दरपत्रकाला न सुटलेला प्रश्न यामुळे सुटू लागला आहे. विमा उतरवताना गाडीच्या काचेमागचा किलोमीटरचा आकडा टिपून घेणे, वर्षाला किती प्रवास होतो याचा अंदाज ग्राहकासोबत बसून काढणे आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक अंतर झाल्यास काय करायचे हे आधीच सांगून ठेवणे, ही कामे अभिकर्त्याच्या नेहमीच्या कामांत आता जमा झाली आहेत.